घाट उतरताना खालचा गिअर टाकला की गाडी हिसका देते. रेव्ह मॅचिंग कुणी करतं का?

वाईची_वाटसरू

मंडळी, गाडी पेट्रोल, पाच गिअरची साधी हॅचबॅक. माहेर खेडला, त्यामुळे महाबळेश्वर-पोलादपूर म्हणजे आंबेनळी घाटातून येणं-जाणं कायमचं. चढताना काही तक्रार नाही. उतरताना मात्र तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच सोडला की गाडी असा हिसका देते की मागे झोपलेली लेक जागी होते आणि शेजारी बसलेल्या सासूबाई डॅशबोर्ड धरतात.

क्लच सावकाश सोडला तर हिसका कमी बसतो, पण आमचा मेकॅनिक म्हणतो, "ताई, अर्ध्या क्लचवर उतरत जाऊ नका, प्लेट खाल." नवऱ्याचं म्हणणं, तिसऱ्यातच राहू दे आणि ब्रेक मार. तसं केलं की प्रतापगडाचा फाटा यायच्या आत चाकांतून जळका वास यायला लागतो. आणि भाचा म्हणतो, "मामी, रेव्ह मॅच कर," आणि मोबाईलवर रेसिंगचे व्हिडिओ दाखवतो. मला रेस लावायची नाहीये हो, पोलादपूरला पोचायचंय. हे रेव्ह मॅचिंग आपल्यासारख्यांच्या कामाचं आहे का? आणि कसं करायचं ते कुणी मराठीत, पायाच्या हिशोबाने सांगेल का?

कोकणमेवा

वाचतोय. आमचाही हाच प्रॉब्लेम, कुंभार्लीत.

पिस्टनपंत

ताई, भाचा बरोबर सांगतोय, फक्त व्हिडिओ चुकीचे दाखवतोय.

हिसका कुठून येतो ते आधी बघू. समजा तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ने चाललाय. तुमच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीत तेव्हा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, साधारण २००० असतात. तिसऱ्याचा रेशो, म्हणजे गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं तो आकडा, साधारण १.२८ आणि दुसऱ्याचा १.९०. म्हणजे त्याच ४० च्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ ३००० ने फिरलं पाहिजे. आता तुम्ही काय करता? क्लच दाबता, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेलाच असतो, तेवढ्यात इंजिन २००० वरून हजार-बाराशेला येऊन बसतं. मग दुसरा टाकून क्लच सोडता. गिअरबॉक्सकडून ३००० ची मागणी, इंजिन १२०० वर. हा फरक भरून कोण काढणार? क्लचप्लेट घासून थोडा काढते, आणि उरलेल्यासाठी गाडीचा वेग खर्ची पडतो. तोच तुमचा हिसका. क्लच सावकाश सोडलात तर हिसका कमी होतो म्हणजे सगळा भार प्लेटवर जातो. मेकॅनिकचं म्हणणं खरं आहे.

रेव्ह मॅचिंग म्हणजे एवढंच, की क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी देऊन इंजिन ३००० च्या आसपास नेऊन ठेवायचं आणि मग क्लच सोडायचा. दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरत असल्या की क्लचला घासायला काही उरत नाही.

पायाच्या हिशोबाने सांगायचं तर, आधी ब्रेक मारून वेग हवा तेवढा कमी करायचा आणि ब्रेक सोडायचा. क्लच पूर्ण दाबायचा. गिअर तिसऱ्यातून दुसऱ्याकडे नेता नेताच उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी. दाबून धरायचा नाही, रेस 'व्हूं' करून वर आली की पाय उचलायचा. गिअर बसला की क्लच सोडायचा, नेहमीपेक्षा जरा लवकरच. रेंगाळलात तर आरपीएम पुन्हा खाली येतात आणि सगळं मुसळ केरात.

आकडे मीटरवर बघत बसू नका, घाटात नजर रस्त्यावरच. कानाला सवय होते. क्लच सोडल्यावर गाडी पुढे ढकलल्यासारखी झाली तर रेस जास्त झाली, मागे ओढल्यासारखी झाली तर कमी पडली. थोडी जास्त झालेली बरी.

सराव घाटात करू नका. सकाळी लवकर सुरूर-वाई रस्त्यावर सपाट पट्टा बघा आणि चौथ्यातून तिसरा टाकून बघा. तिथे फरक कमी असतो, २००० चे २६००-२७०० करायचे. ते जमलं की तिसरा-दुसरा. दुसऱ्यातून पहिला चालत्या गाडीत टाकायचा नादच करू नका, तिथे रेशोत जवळजवळ दुपटीचा फरक असतो.

हळूचाल

माफ करा, पण हे सगळं उगाच अवघड करून ठेवलंय. ब्रेक गाडी थांबवायला दिलेत, गिअर गाडी चालवायला. ब्रेकपॅड स्वस्तात बदलून मिळतात. क्लचचं काम निघालं की गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, बिल बघून घेरी येते. स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू कशाला झिजवायची? इतकी वर्षं गाडी चालवतोय, कधी रेस-बिस दिली नाही.

पिस्टनपंत

हळूचाल, सपाट रस्त्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सिग्नलला थांबायचं असेल तर ब्रेक मारा, शेवटी क्लच दाबा, न्यूट्रल करा. तिथे प्रत्येक गिअर पाडत यायला काही अर्थ नाही.

घाटाचं गणित वेगळं. शाळेतला भौतिकशास्त्राचा धडा आठवा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर, पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. उतार धरा १२०० मीटर. माणसं-सामानासकट गाडी १२०० किलो. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची केलंत तर १४ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा होते. विजेच्या भाषेत जवळजवळ चार युनिट. दोन किलोवॅटचा गिझर दोन तास चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता होईल तेवढी. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते, बाकीची कुठेतरी गेलीच पाहिजे. इंजिन मदतीला घेतलं नाही तर ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये, त्यातही पुढच्या दोन डिस्कमध्ये. ताईंना येणारा वास तोच.

वास येईपर्यंत नुसते पॅड तापलेले असतात. त्यापुढची पायरी म्हणजे ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारा द्रव, उकळणं. डॉट ३ फ्लुइड नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं. जुनं झालं की हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. फ्लुइड उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. आपल्याकडे कोकणातली दमट हवा आणि वर्षानुवर्षं न बदललेलं फ्लुइड. बिलाचं बोलत असाल तर दोन वर्षांनी फ्लुइड बदलणं हा या धाग्यावरचा सगळ्यात स्वस्त सल्ला.

आणि क्लच झिजतो म्हणालात, तर रेव्ह मॅच केलं की तो फारसा झिजत नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे ना!

हळूचाल

गिझरचं पटलं. फ्लुइड कधी बदललंय ते आठवत नाही, उद्या गॅरेजला विचारतो. तरी सपाट रस्त्यावर माझंच खरं.

डबलक्लच

वा, माझ्या नावाचा धागा निघाला. :)

आमच्या वेळी याला रेव्ह मॅचिंग वगैरे कुणी म्हणत नव्हतं, "डबल क्लच मारून गिअर टाक" म्हणायचे, आणि तो मारावाच लागायचा. जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नसायचा (तो काय करतो ते खाली सांगतो). फियाट आणि अँबॅसिडरच्या जुन्या मॉडेलांनाही पहिल्या गिअरला नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की असा खर्रर्र आवाज यायचा की रस्त्यावरचा कुत्रासुद्धा वळून बघायचा.

वर पिस्टनपंतांनी सांगितलं ते आणि डबल क्लच, दोन्ही एक नव्हे. लोक इथे गल्लत करतात म्हणून सांगतो. डबल क्लचमध्ये क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा, आता रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा, आणि क्लच सोडायचा. मधे न्यूट्रलमध्ये क्लच का सोडायचा? तर क्लच सोडल्याशिवाय रेस गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टपर्यंत पोचत नाही. तो शाफ्ट आणि पुढचा गिअर एका वेगाला आणले की दात अलगद बसतात. हात जमलेला ड्रायव्हर असला की मागे बसलेल्याला गिअर कधी बदलला कळायचं नाही.

आजच्या गाड्यांत ते काम पितळी रिंगा करतात, त्यांनाच सिंक्रो म्हणायचं. त्या गिअरला घासून दोघांचा वेग सारखा करतात, मगच दात बसू देतात. त्यामुळे आता क्लच दाबलेला ठेवून नुसती रेस दिली तरी पुरतं. ताईंनी डबल क्लचच्या भानगडीत पडू नये. हां, गाडी जुनी असेल आणि दुसरा गिअर टाकताना अडकत असेल, तर सिंक्रो झिजलेत असं समजा. तिथे डबल क्लच मारलात तर गिअरबॉक्स अजून काही वर्षं निभावून नेतो.

आणि एक गोष्ट, जी मला माझ्या उस्तादांनी सगळ्यात आधी सांगितली: गिअर उताराच्या आधी टाकायचा, उतारावर गाडी पळायला लागल्यावर नाही. ट्रकवाल्याचा उतारावर गिअर निसटला आणि वेग वाढला की सिंक्रो नसलेल्या बॉक्समध्ये तो पुन्हा बसायचाच नाही. न्यूट्रलमध्ये भरलेला ट्रक आणि खाली वळण. पुढचं सांगत नाही.

चौथा_गिअर

हील अँड टोबद्दल कोणीच बोलत नाहीये?? ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. खरी मजा त्यात आहे. मी ताम्हिणीत करतो.

पिस्टनपंत

ताम्हिणीत शनिवार-रविवारी किती पोरं आणि किती म्हशी रस्त्यावर असतात ते बघता, तिथे मजा करू नकोस बाबा.

हील अँड टो ट्रॅकवर लागतं, कारण तिथे वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक आणि गिअर एकाच वेळी साधायचे असतात. आपल्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा चांगलंच वर असतं. ब्रेक जोरात दाबला तरच दोन्ही एका पातळीत येतात. घाटात आपण तेवढा जोरात ब्रेक मारतच नाही, आणि अर्धवट मारलेल्या ब्रेकवरून पाय घसरून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला तर? आधी ब्रेक, मग गिअर. दोन वेगळी कामं, एकामागून एक. ताईंना तेवढं भरपूर.

पण तुझ्या उत्साहाला एक माहिती. २००९ च्या निस्सान ३७०झेडमध्ये कंपनीनेच ही रेस देण्याची सोय गाडीच्या कॉम्प्युटरला दिली. ड्रायव्हरने फक्त क्लच आणि गिअर बघायचा, टिचकी गाडी स्वतः देते.

कोकणमेवा

आमच्या वाडीत एक जण आहेत, घाटमाथ्यावर गाडी न्यूट्रल करून चावी बंद करतात. "पेट्रोल वाचतं." शपथ सांगतो. त्यांना काय सांगू?

डबलक्लच

त्यांच्या गाडीत बसू नका, हे आधी.

चावी बंद केली की ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडल हलकं करतो तो भाग) उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग गेलं. आणि चावी अजून एक घर मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक. वळणावर.

पिस्टनपंत

पेट्रोलही वाचत नाही, हे त्यांना सांगा, कदाचित तेवढंच ऐकतील. कार्बोरेटरच्या जमान्यात न्यूट्रल करण्यात थोडा फायदा होता, ती सवय तिथून आली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि आरपीएम आयडलच्या (उभ्या गाडीत इंजिन नुसतं फिरतं त्या वेगाच्या) बरेच वर असले, की कॉम्प्युटर इंधन पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. आरपीएम आयडलच्या जवळ आले की इंधन पुन्हा सुरू. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. आणि चावी बंद केली तरी शून्याहून कमी काय लागणार! म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत उतरणारी गाडी शून्य पेट्रोल खाते आणि न्यूट्रलमधली शांत गाडी पेट्रोल पिते. गुरगुर ऐकून लोकांना उलटं वाटतं.

रॉकीवासी

कोलोरॅडोहून. इथे पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे, ४३०० मीटर, गाडी थेट शिखरावर जाते. उतरताना मधे ग्लेन कोव्हपाशी रेंजर उभे असतात. गाडी थांबवून चाकाकडे थर्मामीटर धरतात आणि ब्रेक फार तापले असतील तर बाजूला लावून थंड होईपर्यंत बसवून ठेवतात. दरवेळी कोणी ना कोणी बसलेलं असतं. बहुतेक ऑटोमॅटिकवाले, ज्यांना आपल्या लिव्हरवर 'डी'च्या खाली अजून काही आहे हे तिथे पहिल्यांदा कळतं. मी पुण्यात शिकलेल्या मॅन्युअलवर दुसऱ्यात उतरतो, रेंजर हात करून सोडून देतात. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांनी त्या रेंजरला वरंधा घाटाचं वर्णन ऐकवलं.

सह्यकडा

दोन गोष्टी राहून गेल्यात.

पहिली पावसाची. जूनमध्ये घाटात चिखल, पानं, वरून वाहतं पाणी. अशा रस्त्यावर रेस न देता दुसरा टाकून क्लच झटकन सोडला तर पुढची चाकं क्षणभर रस्त्याच्या वेगापेक्षा हळू फिरतात, म्हणजे घसरतात. आपल्या बहुतेक गाड्यांची पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात. वळणात ती घसरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. लोक म्हणतात, "माझ्याकडे एबीएस आहे." एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना आहे. पण एबीएस काय करतं? चाक जाम व्हायला लागलं की तुम्ही मारलेला ब्रेक क्षणभर सोडतं. इथे चाक ब्रेकने नाही, इंजिनने अडवलंय. सोडायला ब्रेकच नाही तर एबीएस काय सोडणार? पावसात रेव्ह मॅचिंगचा खरा उपयोग हा. आरामाचा भाग नंतर.

दुसरी, "ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं" हा जुना नियम. तो आता सांभाळून लावा. टर्बो गाड्या तिसऱ्यात सहज चढतात, पण तिसऱ्यात उतरवल्या तर धरत नाहीत, कारण ओढायची ताकद टर्बोमुळे वाढली, अडवायची नाही वाढली. छोट्या इंजिनाची अडवण्याची ताकद छोटीच. सारखा ब्रेक मारावा लागत असेल तर एक गिअर खाली या.

चौथा_गिअर

डिझेलला पण हेच ना?

सह्यकडा

टिचकी देताना जरा थांबावं लागतं, फ्लायव्हील जड, रेस सावकाश चढते. आणि वरची मर्यादा कमी, त्यामुळे दुसरा टाकायच्या आधी वेग नीट उतरवून घ्यायचा. पेट्रोलमध्ये ६००० पर्यंत जागा असते, डिझेलमध्ये ४५०० ला लाल रेघ येते. लिमिटर वाचवेल अशा भ्रमात कुणी राहू नका. लिमिटर इंधन तोडतो, पण घाईत चुकून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिनाला चाकं फिरवत असतात, इंधन नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकल्यावर मेकॅनिक गाडी बघतो आणि कुठला गिअर पडला होता ते तुम्हालाच विचारतो.

वाईची_वाटसरू

सगळ्यांचे आभार, एवढं मराठीत कुठेच सापडलं नव्हतं. सुरूर रस्त्यावर सराव केला. चौथा-तिसरा दोन सकाळींत जमला. तिसरा-दुसरा पाचातले तीन बरे जातात. गंमत म्हणजे रेस जरा जास्त दिली की बरोबर बसतं, कमी दिली की बसत नाही, पिस्टनपंत म्हणाले तसंच. गेल्या रविवारी घाट उतरले. मेटतळ्याच्या आधीच दुसरा टाकून ठेवला होता, त्यामुळे गिअर बदलायची वेळच कमी आली. वास नाही आला. सासूबाईंनी डॅशबोर्ड धरला, पण तो एसटी समोरून आली म्हणून.

आता धाकट्या बहिणीने एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप बदलणारी, गाडी घेतलीय. तिला क्लचच नाही. ती काय करेल?

पिस्टनपंत

तिचं सोपं आहे. लिव्हर 'एम'कडे नेऊन वजा बाजूला ढकलायचं, क्लच आणि रेस दोन्ही गाडी बघते. घाटमाथ्यावरच दुसऱ्यात आणून ठेवायला सांगा. 'डी'मध्ये सोडली तर उतारावर पाय उचलला की ती वरचा गिअर टाकते, नेमकं नको तेव्हा. सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच दुसरा प्रकार) असेल तर 'एल' किंवा 'एस', जे काही दिलं असेल ते.

फ्लुइड मात्र तिचंही बघा, गाडी सेकंडहँड आहे का?

वाईची_वाटसरू

हो, सेकंडहँडच. सोमवारी दोन्ही गाड्या गॅरेजला टाकते.

हळूचाल

माझं फ्लुइड चहासारखं काळं निघालं. बदललं. डॉट ४ टाकलं.